क्रिकेटच्या वहीतला फुटबॉल

गुरुवारी संध्याकाळी श्रीनिवास हिरवे एकाच राउंडअबाउटला तीन वेढे घालून आला. इंग्लंडातल्या मिल्टन कीन्समध्ये राउंडअबाउटना तोटा नाही, आणि नवखा माणूस तिथे गरगरला तर त्याला कुणी नावं ठेवत नाही. पण श्रीनिवास आठव्या वर्षापासून याच गावात वाढलेला. तिसऱ्या वेढ्याला शेजारी बसलेली बायको, राजश्री, म्हणाली, "प्रदक्षिणाच घालायची असेल तर निदान मधे देऊळ तरी बघ रे."

तो हसला नाही. खिशातला फोन त्याला निखाऱ्यासारखा भाजत होता. दुपारी त्याच्या फुटबॉल टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी एक प्रश्न टाकला होता: गॅरेथ नसता तर श्री कोण असता? खाली उत्तरं दोनच, 'तरीही ग्रेट' आणि 'कोणीच नाही'. सदतीस जणांनी मत दिलं. 'तरीही ग्रेट' म्हणणारे सहा निघाले, आणि त्या सहांत एक श्रीनिवास स्वतः होता.

आता हा फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा नव्हे. हा अमेरिकन फुटबॉल. डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर चिलखत, चेंडू अंड्याच्या आकाराचा, आणि तोही हाताने फेकायचा. फेकणारा एकच असतो, त्याला म्हणायचं क्वार्टरबॅक. पुढे धावत जाऊन झेलणारे रिसीव्हर. बाकीच्यांनी एकमेकांच्या अंगावर जायचं, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं. इंग्लंडात या खेळावर कुणाचं पोट भरत नाही. रविवारी सकाळी खेळाडूच मैदानावर चुन्याच्या रेघा मारतात, खेळतात, आणि सोमवारी लंगडत ऑफिसला जातात. पण अमेरिकेत जो वाद माणसं पिढ्यानपिढ्या घालतात, की मोठं कोण, फेकणारा की झेलणारा, तो वाद या सदतीस जणांतही होताच. माणसं कमी म्हणून जळजळ कमी होते असं थोडंच आहे?

श्रीनिवास एकोणचाळीस वर्षांचा. मिल्टन कीन्स हेरन्स या क्लबचा अकरा वर्षं क्वार्टरबॅक. हेरन म्हणजे बगळा, म्हणून त्याची आई टीमला सरळ 'बगळे' म्हणायची. दिवसा तो एका गोदामवाल्या कंपनीत सॉफ्टवेअर सांभाळायचा, आणि तिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं म्हटलं तरी चालेल. मैदानावर मात्र तो श्री होता. उजवा खांदा आता कामातून गेला होता, येत्या रविवारची मॅच शेवटची. क्लबला तीस वर्षं झाली म्हणून क्लबहाउसमध्ये लाकडी फलक लागणार होता, आणि त्यावर पहिलं नाव कुणाचं कोरायचं हे कमिटी सोमवारी ठरवणार होती. ते नाव आपलं असावं असं श्रीनिवासला वाटत होतं, आणि वाटतं हे त्याने कुणाकडेही कबूल केलं नव्हतं. पण खरी रुखरुख फलकाची नव्हती. आपल्याला खरंच खेळता येत होतं का, की अकरा वर्षं आपण एका मोठ्या माणसाच्या सावलीत हात हलवत उभे होतो? एवढं त्याला मॅच संपायच्या आत कळायला हवं होतं.

तो मोठा माणूस म्हणजे गॅरेथ. सहा फूट चार इंच, हात असे की वाऱ्यावर उडालेली पिशवीसुद्धा पकडेल. हेरन्सच्या मोठ्या विजयांत फेक श्रीची आणि झेल गॅरेथचा, हे ठरलेलंच. लोक त्यांची नावं जोडीनेच घ्यायचे, कांदापोहे म्हणावं तसं. गेल्या शरद ऋतूत गॅरेथला साउथहॅम्प्टनच्या बंदरात क्रेन चालवायची पक्की नोकरी लागली, तो बायकापोरं घेऊन तिकडे गेला, आणि बगळ्यांचे पंख गळाले. या मोसमात सहा मॅचेसपैकी पाच हरले. आणि दैवाची थट्टा अशी की रविवारची शेवटची मॅच साउथहॅम्प्टनशीच होती, आणि गॅरेथ आता त्यांच्याकडून खेळत होता. तिकडचा क्वार्टरबॅक विशीतला पोरगा, फेक बेताचीच, पण गॅरेथमुळे त्याचं नाव झालं होतं. 'कोणीच नाही'ला मत देणाऱ्यांना याहून पुरावा तो काय हवा?

शनिवारी दुपारी श्रीनिवास आईकडे गेला. यमुनाबाई त्याच्या घरापासून दोन राउंडअबाउट पलीकडे एकट्या राहायच्या. त्याला त्यांच्या वह्या हव्या होत्या.

या वह्यांची गोष्ट सांगायलाच हवी. श्रीनिवासचे वडील, हरिदास हिरवे, लंडनच्या एजवेअरमध्ये असताना दर रविवारी मराठी मंडळींच्या क्रिकेट क्लबचे स्कोअरर असत. जन्मात कधी बॅट धरली नाही, पण पेन्सिल सोडली नाही. ते चहाला उठले की वही कुणी सांभाळायची, म्हणून त्यांनी बायकोलाही स्कोअरिंग शिकवलं. बारा वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा कपाटात नऊ कोरी स्कोअरबुकं निघाली. टाकायचा यमुनाबाईंना धीर होईना. पुढच्या उन्हाळ्यात, आई घरात एकटी भिंतीकडे बघत बसते म्हणून, श्रीनिवास तिला मैदानावर घेऊन गेला. हाताला चाळा हवा म्हणून तिने सोबत एक कोरी वही घेतली. अमेरिकन फुटबॉल तिला कळत नव्हता आणि कळून घ्यायचाही नव्हता. तिने तो सरळ क्रिकेटच्या चौकटीत बसवला. मुलगा फेकतो, म्हणजे तो गोलंदाज. पुढचा झेलतो, म्हणजे झेल. मग वहीत ओळ पडायची: 'झे. गॅरेथ, गो. श्रीनिवास'. झेल सुटला तर 'सु.'. चेंडू घेऊन कुणी नुसता पळाला तर ठिपका, जणू निर्धाव चेंडू. आउट नक्की कोण झालं, असं राजश्रीने एकदा विचारलं होतं. "समोरचे," यमुनाबाई म्हणाल्या.

हसण्यासारखंच होतं ते, पण क्लबमध्ये दुसरं कुणी काही लिहून ठेवतच नव्हतं. एकाने लॅपटॉपवर आकडे ठेवले होते, तो लॅपटॉपच चोरीला गेला. तेव्हापासून क्लबचा अधिकृत इतिहास म्हणजे यमुनाबाईंच्या वह्या. दर मोसमाअखेर श्रीनिवास त्यातले झेल मोजून कमिटीला इंग्रजीत पाठवायचा. घरच्या मैदानावरच्या मॅचेस तेवढ्या पक्क्या. बाहेरगावच्या 'अवे' मॅचेसना यमुनाबाईंचे गुडघे येऊ देत नसत, तिथले आकडे अंदाजपंचे.

"आई, मला फक्त गॅरेथला सोडून बाकीच्यांनी पकडलेले पासेस काउंट करायचेत," तो म्हणाला. "त्या लोकांना दाखवतो."

"कर की," त्या म्हणाल्या. त्या शेंगा निवडत बसल्या होत्या. "चहा ठेवू?"

तो जमिनीवर मांडी घालून बसला आणि भोवती वह्या पसरल्या. गॅरेथचे झेल पानोपानी, दुसऱ्यांचे अधेमधे, खिचडीत चुकून आलेल्या शेंगदाण्यासारखे. त्याचा जीव थोडा थोडा होऊ लागला. मोजता मोजता आज पहिल्यांदाच त्याचं लक्ष समासाकडे गेलं. अकरा वर्षांत त्याने या वह्यांत फक्त स्वतःचं नाव शोधलं होतं, समास कोण वाचतो? तिथे बारीक पेन्सिलीने जागोजागी दोन अक्षरं होती. 'वे. मो.' एका पानावर पाच वेळा, पुढच्या पानावर सात वेळा.

"आई, हे 'वे. मो.' काय आहे?"

"वेद मोकळा," यमुनाबाई शेंगेची शीर ओढत म्हणाल्या.

वेद हा हेरन्सचा दुसरा रिसीव्हर. वय तीस, ब्लेचलीत चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचा. जन्म इथलाच, मराठी तुटकीफुटकी. नऊ वर्षं टीममध्ये होता, सरावाला सगळ्यांत आधी यायचा, आणि दर मॅचला यमुनाबाईंची घडीची खुर्ची गाडीतून काढून मैदानापर्यंत आणायचा. टीममधली त्याची ओळख म्हणजे तेवढीच, चांगला मुलगा.

"मोकळा म्हणजे?"

"म्हणजे त्याच्या आसपास कुणी नव्हतं. आणि तू गॅरेथकडे फेकलास."

श्रीनिवासच्या कानशिलांत रक्त चढलं. "आई, तुला काय कळतं त्यातलं? तिथे डिफेन्स असतो, मला दोन सेकंदांत डिसाइड करायचं असतं. It's not क्रिकेट!"

"मला काही कळत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "मोकळी जागा तेवढी कळते. तुझे बाबा म्हणायचे, चेंडूकडे सगळेच बघतात. स्कोअररने मैदान बघायचं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं की. तो आला त्याच वर्षी, जेवताना. म्हटलं, तो पलीकडचा मुलगा सारखा हात का वर करतो रे, त्याला काही लागलंय का? तू म्हणालास, नवीन आहे, त्याला गेम समजत नाही." त्यांनी शेंगांची परात बाजूला सरकवली. "मग मी नाही बोलले. स्कोअररने बोलू नये, लिहावं."

त्याला ते जेवण आठवलं. वरण-भात होता, आणि तो गॅरेथच्या झेलाचा व्हिडिओ बघत जेवत होता.

मोजायला बसला होता एक, मोजत राहिला भलतंच. दोनशे चौदा. ज्या प्लेऑफच्या, म्हणजे बादफेरीच्या, मॅचने त्याची झोप सहा वर्षं नासली होती, तिचंही पान सापडलं. शेवटचा पास, गॅरेथच्या अंगावर तीन जण, चेंडू हाताला लागून सुटला आणि मोसम संपला. 'सु. गॅरेथ, गो. श्रीनिवास'. त्या रात्री सगळे म्हणाले होते, गॅरेथच्या हातून सुटला तर कुणाच्याही हातून सुटला असता. समासात 'वे. मो.' होतं, आणि त्याखाली दोन रेघा.

तो चहा न घेताच उठला. गाडी तिथेच ठेवून रेडवेवर, त्या तांबड्या पायवाटेवर, गाडीतला चेंडू हातात घेऊन उगाच मैलभर चालत सुटला. त्याला आईचा राग आला होता, वेदचा आला होता, त्या सहांतल्या पाच जणांचासुद्धा आला होता. स्वतःचा यायला घर येईपर्यंत वेळ लागला.

रविवारी वारा होता. गॅरेथ आला तो थेट यमुनाबाईंच्या पाया पडायला, ती सवय त्याला श्रीनिवासनेच लावली होती. मग त्याने श्रीनिवासला कवेत घेऊन उचललं आणि म्हणाला की तुझ्याइतकं माझ्यावर कुणी भरवसा ठेवला नाही. कालपर्यंत हे ऐकून श्रीनिवास विरघळला असता. आज त्याने नुसतं हेल्मेट चढवलं.

मॅच सुरू झाली. तिसऱ्याच चालीला श्रीनिवासने मान डावीकडे वळवली, तिकडे बघायची मानेला सवयच नव्हती. आणि खरंच, वेद एकटा धावत होता. आजूबाजूला चिटपाखरू नाही. श्रीनिवासने फेकला, सुरेख फेकला. चेंडू जाऊन वेदच्या पाठीवर धप्पकन आपटला, कारण वेदने मागे वळून बघितलंच नव्हतं. कडेचे लोक हसले. कुणीतरी गॅरेथच्या नावाने हाक मारली.

"अरे, बघितलंस का नाहीस?" श्रीनिवास ओरडला.

वेद हेल्मेटच्या जाळीतून त्याच्याकडे बघत राहिला. "माझ्याकडे होती? सॉरी, श्रीदादा. मला वाटली नाही."

तो कुरबुरत नव्हता, टोमणा मारत नव्हता. तो खरोखर माफी मागत होता. नऊ वर्षं हा मुलगा दर वेळी शेवटपर्यंत धावला होता, आणि धावता धावता मागे बघायचं त्याने कधी सोडून दिलं होतं, हे कुणालाच कळलं नव्हतं.

"आज येणार," श्रीनिवास म्हणाला. "दर वेळेला बघ. दर वेळेला."

दुसरा पास वेदच्या बोटांना लागून पडला. कोच ब्रायनने टोपी जमिनीवर आपटली. तिसरा त्याने छातीशी धरला, जेमतेम सहा यार्ड. पलीकडे गॅरेथ आपल्या त्या विशीतल्या पोराच्या वेड्यावाकड्या फेकी खेचून आणत होता. सगळं शरीर म्हणत होतं, जुनंच काहीतरी कर, ठरलेलं कर. पण ठरलेलं करायला गॅरेथ तर समोरच्या टीममध्ये. तो फेकत राहिला. वेदकडे, मग उजवीकडच्या दोघांकडे, मग पुन्हा वेदकडे. खांद्यात कळ उठत होती. दुपार कलायच्या सुमाराला आकडे होते सव्वीस साउथहॅम्प्टन, एकवीस हेरन्स, आणि घड्याळात सात सेकंद.

चेंडू हातात आला. दोघे त्याच्या अंगावर धावून आले. त्याने डावीकडे बघितलं. वेदच्या मागे एक जण होता, या वेळी तो काही मोकळा नव्हता, पण वेदचं तोंड श्रीनिवासकडे होतं, डोळे लावून बघत होता. श्रीनिवासने फेकला आणि स्वतः खाली पाडला गेला. नाकातोंडात गवत. त्याने झेल बघितला नाही, फक्त ऐकला. मैदानाच्या त्या कोपऱ्यातून जी आरोळी आली ती हेरन्सची होती.

त्या टोकाला पकडलेल्या झेलाचे सहा गुण. सत्तावीस-सव्वीस. त्याला खांद्यावर घेतलं, खाली टाकलं, पुन्हा घेतलं. ब्रायन रडत होता. ग्रुपवर 'कोणीच नाही'ला मत देणाऱ्या एकतीसांतले निम्मे त्याच्या पाठीवर थापा मारत होते, आणि एक जण म्हणाला की आता फलकाचा प्रश्नच मिटला. गॅरेथशिवाय, तेही गॅरेथसमोर! श्रीनिवासला हवं होतं ते उत्तर मिळालं होतं. त्याला खेळता येत होतं. पहिल्यापासून येत होतं. आणि म्हणूनच त्याला आनंद होईना.

तो गर्दीतून सुटून आईच्या खुर्चीकडे गेला. वेद तिथे आधीच पोचला होता, वहीवर वाकून. गुडघ्यावर चिखल, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"हे मी?" तो विचारत होता.

"हो, तूच. 'झे. वेद, गो. श्रीनिवास'," यमुनाबाईंनी बोट ठेवून वाचून दाखवलं. "सहा वेळा आहे बघ आज."

"मी फोटो घेऊ का, काकू? माझा आईला पाठवतो." त्याने फोटो काढला. मग कुतूहलाने मागची पानं उलटू लागला, या मोसमाची, अगदी पहिल्या मॅचपर्यंत. "आणि हे काय, 'वे. मो.'? खूप आहेत."

यमुनाबाईंनी वर बघितलं, वेदकडे नाही, मुलाकडे. मग पेन्सिल पर्समध्ये ठेवली आणि पर्सची चेन लावली.

मागे कुणीतरी श्रीच्या नावाचा घोष सुरू केला होता. "वेद मोकळा," श्रीनिवास म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. "म्हणजे तू ओपन होतास आणि मी फेकलं नाही. बाकीच्या वह्यांत पण आहे. मी काल मोजले. दोनशे चौदा."

वेदने पान हळूच पुन्हा आजच्या तारखेवर आणलं आणि वही यमुनाबाईंच्या मांडीवर ठेवली. त्या उठल्यावर त्याने नेहमीसारखी खुर्ची मिटली, बगलेत घेतली.

"दोनशे चौदा नाही, श्रीदादा," तो म्हणाला. "काकू अवे मॅचला कुठे यायच्या?"

आणि तो खुर्ची घेऊन गाडीकडे निघाला.